कंपनीच्या लॅपटॉपवर एचटीटीपीएस असूनही फायरवॉलला आतलं वाचता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: कंपनीत 'सोमवारपासून एसएसएल इन्स्पेक्शन सुरू होत आहे' असा मेल आला, म्हणजे कुलूपबंद (एन्क्रिप्टेड) ट्रॅफिक मधेच उघडून तपासणार. ब्राउझर तर अजूनही प्रत्येक साइट सुरक्षितच, म्हणजे एचटीटीपीएस या एन्क्रिप्टेड जोडणीवरची, दाखवतो. मग आयटीवाल्यांना आतला मजकूर, अगदी नेटबँकिंगचा पासवर्डसुद्धा, दिसतो का? आणि दिसत असेल तर एन्क्रिप्शनला अर्थ काय उरला?

फायरवॉल, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कच्या दारावरचं पहारा देणारं उपकरण, बसवणं आणि सांभाळणं हेच माझं रोजचं काम आहे, म्हणून आडपडदा न ठेवता सांगतो. हो, वाचता येतं. मात्र त्यासाठी कोणी एन्क्रिप्शन फोडत नाही. तुमच्या लॅपटॉपने फायरवॉलवर विश्वास ठेवायचं आधीच कबूल केलेलं असतं, म्हणून हे जमतं.

होतं असं. तुम्ही साइट उघडायला जाता तेव्हा फायरवॉल ती जोडणी मधेच स्वतःकडे घेते. साइटशी ती स्वतः बोलते, तिचं खरं सर्टिफिकेट (साइटचं ओळखपत्र) तपासते, आणि त्याच नावाचं दुसरं सर्टिफिकेट जागच्या जागी बनवून तुमच्या ब्राउझरला देते. या दुसऱ्या सर्टिफिकेटवर सही असते फायरवॉलमधल्या सीएची (सर्टिफिकेट जारी करणाऱ्या यंत्रणेची). अनोळखी सही पाहून ब्राउझर एरवी लगेच इशारा देईल. पण कंपनीने त्या सीएचं मूळ, म्हणजे रूट सर्टिफिकेट ग्रुप पॉलिसीने (सगळ्या लॅपटॉपवर एकदम सेटिंग लावायची विंडोजची सोय) तुमच्या विंडोजच्या विश्वासू यादीत आधीच घातलेलं असतं, त्यामुळे तो काही बोलत नाही. आता एकाऐवजी दोन टीएलएस (एचटीटीपीएसमागचं एन्क्रिप्शन) जोडण्या झाल्या: तुमच्यापासून फायरवॉलपर्यंत एक आणि तिथून साइटपर्यंत दुसरी. वायरवर दोन्हीकडे मजकूर एन्क्रिप्टेडच असतो. उघडा असतो तो फक्त फायरवॉलच्या मेमरीत.

हे तुम्हाला दोन मिनिटांत स्वतः पाहता येईल. क्रोममध्ये पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करा, 'कनेक्शन सुरक्षित आहे' वर जा आणि सर्टिफिकेट उघडा. ते कोणी जारी केलं आहे ते वाचा. घरच्या इंटरनेटवर तिथे डिजिसर्ट, लेट्स एन्क्रिप्ट किंवा गूगल ट्रस्ट सर्व्हिसेस अशा एखाद्या सार्वजनिक सीएचं नाव दिसेल. ऑफिसात त्याच साइटला तुमच्या कंपनीचं किंवा फायरवॉल बनवणाऱ्याचं नाव दिसलं, तर ती जोडणी डिक्रिप्ट होते आहे, म्हणजे मधे उघडली जाते आहे. आता तुमच्या बँकेची साइट उघडून तेच करा. तिथे नेहमीचा सार्वजनिक सीए दिसला, तर तुमच्या ॲडमिनने बँका वगळल्या आहेत. आयटीवाल्यांच्या तोंडी आश्वासनापेक्षा ही तपासणी जास्त भरवशाची.

दिसतं काय काय? डिक्रिप्ट केलं नाही तरी साइटचं नाव, आयपी, किती डेटा गेला आणि केव्हा गेला एवढं कळतंच, कारण जोडणीच्या पहिल्याच संदेशात साइटचं नाव सहसा उघडं जातं. डिक्रिप्ट केल्यावर पूर्ण यूआरएल (पानाचा पत्ता), कुकी (लॉगिन लक्षात ठेवणारी खूण), फॉर्ममध्ये भरलेलं सगळं, अपलोड केलेली फाइल, हे सारं दिसू शकतं. पासवर्डही त्यात आलाच. सर्वसाधारण मांडणीत फायरवॉल हे सगळं मेमरीत तपासून सोडून देते, लॉगमध्ये (नोंदींमध्ये) यूआरएल, साइटची वर्गवारी आणि जाऊ दिलं की अडवलं हा निकाल एवढंच राहतं. पण डिक्रिप्ट केलेल्या ट्रॅफिकची प्रत दुसऱ्या यंत्राकडे पाठवायची सोय बऱ्याच फायरवॉलमध्ये असते, आणि डेटा गळती रोखणाऱ्या पॉलिसीत सापडलेला तुकडा साठवून ठेवता येतो. म्हणून 'दिसतं का' याच्यापुढे जाऊन 'साठवता काय आणि ते कोण उघडू शकतं' हे विचारा. व्हॉट्सॲप किंवा सिग्नलच्या संदेशांची काळजी इथे नको. ते पाठवणाऱ्याच्या यंत्रावरच वेगळे एन्क्रिप्ट झालेले असतात, बाहेरचा थर उघडला तरी हाती काही लागत नाही.

मग हा खटाटोप करायचाच कशाला? आज मालवेअरही एचटीटीपीएसवरूनच येतं आणि चोरलेला डेटा एचटीटीपीएसवरूनच बाहेर जातो. डिक्रिप्ट न करणाऱ्या फायरवॉलला दोन्ही सारखेच दिसतात. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकेतल्या इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीचं. २०१७ च्या मे महिन्यात चोर अपाचे स्ट्रट्स या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरमधल्या, पॅच न केलेल्या (दुरुस्ती न बसवलेल्या) त्रुटीतून त्यांच्या एका पोर्टलमध्ये शिरले आणि ७६ दिवस आत राहिले. सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. एन्क्रिप्टेड ट्रॅफिक तपासणारं उपकरण त्यांच्याकडे होतं. पण त्यातल्या सर्टिफिकेटची मुदत कित्येक महिन्यांपूर्वीच संपली होती, त्यामुळे ट्रॅफिक न तपासताच पुढे जात होतं. २९ जुलैला सर्टिफिकेट बदललं आणि त्याच दिवशी संशयास्पद ट्रॅफिक डोळ्यांसमोर आलं. उपकरण विकत घेतलं म्हणजे तपासणी चालू आहे, असं मानणाऱ्या प्रत्येक व्यवस्थापकाने ही हकिगत वाचायला हवी.

पण मी प्रत्येक गिऱ्हाइकाला हे सुरू करा म्हणत नाही. डिक्रिप्शन वाईट केलं तर ते नसण्याहून घातक ठरतं. २०१७ मध्ये अमेरिकी विद्यापीठं, गूगल, मोझिला आणि क्लाउडफ्लेअर यांच्या संशोधकांनी मिळून केलेल्या अभ्यासात अशी बरीच उपकरणं जोडणी आधीपेक्षा कमकुवत करताना आढळली. कारण उघड आहे: खऱ्या साइटचं सर्टिफिकेट आता तुमचा ब्राउझर तपासतच नाही, ते काम फायरवॉलच्या हाती गेलं. तिने ढिलाई केली तर बनावट साइटलाही तुमच्या पडद्यावर सुरक्षित म्हणून मान्यता मिळते. म्हणूनच चांगल्या फायरवॉलमध्ये सही करायला दोन सीए ठेवतात. खरं सर्टिफिकेट ठीक असेल तर विश्वासू सीएची सही, मुदत संपलेलं किंवा संशयास्पद असेल तर मुद्दाम अविश्वासू सीएची, म्हणजे ब्राउझर इशारा देईल. कोणी 'सारखे इशारे येतात' म्हणून हा दुसरा सीएसुद्धा सगळ्या लॅपटॉपवर विश्वासू करून टाकला, तर ते संरक्षणच संपलं.

गडबड होण्याची दुसरी जागा डेव्हलपरांची. पायथन आणि जावा बहुतेक वेळा विंडोजची यादी न पाहता स्वतःची वेगळी विश्वासू यादी वापरतात. इन्स्पेक्शन सुरू झाल्याच्या सकाळी गिट, मेव्हन, पिपच्या जुन्या आवृत्त्या अशी त्यांची साधनं सर्टिफिकेटच्या त्रुटी देऊ लागतात आणि दुपारपर्यंत कोडमध्ये 'व्हेरिफाय इक्वल्स फॉल्स', म्हणजे सर्टिफिकेट तपासूच नका ही सूचना, शिरतं. ते एकदा शिरलं की प्रॉडक्शनपर्यंत जातं. कंपनीचं रूट सर्टिफिकेट या साधनांमध्ये कसं घालायचं याचं एक पान आधी पाठवलं, तर हे टळतं. मोबाइल ॲपची गोष्ट वेगळी. बरीच ॲप ठरावीक सर्टिफिकेटशिवाय दुसरं स्वीकारतच नाहीत, आणि अँड्रॉइड ७ पासून वापरकर्त्याने स्वतः घातलेल्या रूटवर ॲप आपणहून विश्वास ठेवत नाहीत. ती वगळावीच लागतात. क्विक या नव्या, वेगवान जोडणीपद्धतीचीही वेगळी सोय करावी लागते: बहुतेक ॲडमिन तिची वाट (यूडीपी ४४३) बंद करतात, मग ब्राउझर निमूट टीसीपी या जुन्या पद्धतीवर येतो.

आणि किल्ली. फायरवॉलमधल्या त्या सीएची प्रायव्हेट की (सही करायची गुप्त किल्ली) ज्याच्या हाती, त्याला तुमच्या सगळ्या लॅपटॉपपुढे कोणतीही साइट होऊन उभं राहता येतं. लेनोवोच्या काही लॅपटॉपवर सुपरफिश नावाचं जाहिरातींचं सॉफ्टवेअर आधीच घातलेलं होतं, हे २०१५ मध्ये उघड झालं. त्याच्या रूटची किल्ली सगळ्या लॅपटॉपवर एकच होती आणि ती लगेच बाहेर काढली गेली. त्या लॅपटॉपवाल्यांना एखाद्या कॅफेच्या वायफायवर बसून फसवणं सोपं झालं. म्हणून किल्ली कुठे ठेवली आहे, फायरवॉलचा बॅकअप कोणाकडे आहे, ठेका संपलेल्या व्हेंडरचं लॉगिन बंद झालं का, हे प्रश्न माझ्यासाठी फायरवॉलच्या मॉडेलपेक्षा महत्त्वाचे आहेत.

तुमच्या बाजूने काय करायचं? कंपनीला तपासणीचा अधिकारच नाही असं धरून चालू नका. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, नोकरीच्या कामासाठी आणि मालकाचं नुकसान टाळण्यासाठी डेटा वापरायला वेगळी तरतूद आहे. पण आयटीकडे लेखी विचारा: बँक, आरोग्य आणि विमा या वर्गवाऱ्या वगळल्या आहेत का, लॉग किती दिवस राहतात, ते कोण पाहू शकतं. नीट काम करणाऱ्या टीमकडे ही उत्तरं तयार असतात. मी स्वतः ही यादी लिहून झाल्याशिवाय इन्स्पेक्शन सुरू करत नाही.

स्वतःच्या फोनवर मात्र ऑफिसचं रूट सर्टिफिकेट घालू नका, 'वायफाय चालण्यासाठी लागतं' म्हणून सांगितलं तरी. ते घातलं की फोनच्या ब्राउझरमधलं तुमचं खासगी वावरणंही त्या नेटवर्कवर उघडं होतं, आणि नोकरी सोडली तरी तुम्ही काढेपर्यंत ते तिथेच राहतं. २०१९ मध्ये कझाकस्तान सरकारने नागरिकांना असंच एक रूट घालायला सांगितलं, तेव्हा गूगल, मोझिला आणि ॲपल या तिघांनी ते आपापल्या ब्राउझरमध्ये अडवलं. फोनसाठी गेस्ट वायफाय मागा, नाहीतर मोबाइल डेटा वापरा. आधीच घातलं असेल, तर अँड्रॉइडच्या सुरक्षा सेटिंगमध्ये वापरकर्त्याने घातलेल्या सर्टिफिकेटांची यादी वेगळी असते, तिथून आज काढून टाका.