ग्रीस समजून घ्यायचा तर आधी बेटं बाजूला ठेवा

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी सप्टेंबरपासून उत्तर ग्रीसमधल्या थेसालोनिकी शहरात शिकायला चालली आहे, घरच्यांना तो देश नीट समजून घ्यायचा आहे, आणि इंटरनेटवर शोधलं की पांढरी घरं आणि निळे घुमट यापलीकडे काही हाती लागत नाही. मी ग्रीक मालकांच्या मालवाहू जहाजांवर बरीच वर्षं नोकरी केली आणि मधल्या काळात उत्तर ग्रीसमध्ये फिरलोही. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

माझा पहिला सल्ला, बेटं सध्या विसरा. छोटीमोठी सगळी धरली तर सहा हजारांच्या आसपास बेटं भरतात, पण माणसं राहतात ती सव्वादोनशेच, आणि देशाच्या जमिनीत बेटांचा वाटा जेमतेम पाचवा हिस्सा. ग्रीस हा आधी डोंगरांचा देश आहे. एजियन समुद्रातली बरीचशी बेटं हीसुद्धा बुडालेल्या डोंगरांची वर राहिलेली शिखरंच आहेत.

नकाशा उघडा आणि अल्बानियाच्या सीमेपासून खाली दक्षिणेकडे येणारी पिंडस पर्वतरांग शोधा. ती सापडली की अर्धा देश कळला. पाऊस येतो पश्चिमेकडून, तोही हिवाळ्यात. पिंडस त्याला अडवते. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आणि पलीकडच्या दुष्काळी पट्ट्यात जो फरक दिसतो, तोच इथे, फक्त ऋतू उलटा. पश्चिमेकडच्या योआनिनाला वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तर डोंगर ओलांडून थेसलीच्या मैदानातल्या लारिसाला त्याच्या निम्माही नाही. अथेन्सचंही तेच, चारशेच्या आसपास. उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो. म्हणून ऑलिव्ह: खोल मुळं, जाड छोटी पानं, चार महिने पाणी नसलं तरी तग धरणारं झाड.

आणि खडक बहुतेक ठिकाणी चुनखडीचा. पाऊस पडला तरी पाणी भेगांतून आत उतरतं आणि कुठेतरी लांब, कधी थेट समुद्राच्या तळाशी झऱ्यासारखं वर येतं. डोंगर उघडेबोडके, माती पातळ, आणि सपाट जमीन म्हणजे डोंगरांमध्ये अडकलेले छोटे तुकडे. एका तुकड्यातून दुसऱ्यात जायला खिंडीपेक्षा होडी सोपी. देशातलं कुठलंही ठिकाण समुद्रापासून दीडशे किलोमीटरच्या आतच आहे. खिओस, आंद्रोस यांसारख्या बेटांतून मोठमोठी जहाजमालक घराणी पुढे आली. आज जगातल्या मालवाहू जहाजांच्या एकूण क्षमतेचा जवळपास पाचवा हिस्सा ग्रीक मालकांकडे आहे.

मोठी मैदानं मोजकीच, आणि त्यांची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. थेसलीचं मैदान चारही बाजूंनी डोंगरांनी वेढलेलं आहे: पिंडस, ऑलिंपस, ओसा, पेलियन. पिनिओस नदीला बाहेर पडायला एकच अरुंद वाट, टेंपेची घळ. अशा जागी पाणी साचणारच. मैदानाच्या पूर्व कडेला कार्ला नावाचं उथळ तळं होतं. 1962 मध्ये ते बोगदा काढून आटवलं आणि तिथे शेती सुरू झाली. पुढे भूजल खाली गेलं, म्हणून तळ्याचा काही भाग पुन्हा भरून घेतला. मग सप्टेंबर 2023 मध्ये डॅनियल वादळ आलं. पेलियन डोंगरावरच्या झागोरा गावात एका दिवसात साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला आणि तळ्याने आपली जुनी जागा परत घेतली. शेतं, गावं, गोठे कित्येक महिने पाण्याखाली होते. हा युरोपीय संघात सर्वांत जास्त कापूस पिकवणाऱ्या देशाचा मुख्य कापूसपट्टा, हे लक्षात घेतलं की नुकसान किती खोल गेलं ते समजतं.

थेसालोनिकीच्या पश्चिमेचं मैदानही असंच दलदलीचं होतं, हिवतापाने ग्रासलेलं. ते कोरडं करण्यामागे माणसांची मोठी गोष्ट आहे. 1923 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार झाला. निकष होता धर्म. तुर्की बोलणारे ख्रिस्ती ग्रीसमध्ये पाठवले गेले आणि ग्रीक बोलणारे क्रीटचे मुसलमान तुर्कस्तानात. काही भागांना करारातून वगळलं होतं, म्हणून ईशान्येकडच्या कोमोतिनी आणि क्सांथी शहरांच्या परिसरात आजही मुस्लिम वस्ती आहे. पन्नास लाखांच्या आसपास लोकसंख्येच्या देशात बारा लाख निर्वासित आले. फाळणीच्या कहाण्या ऐकलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. त्यातले निम्म्याहून अधिक उत्तरेत, ग्रीसच्याच मॅसिडोनिया आणि थ्रेस या प्रांतांत वसवले गेले, आणि त्यांना जमीन देण्यासाठी नंतरच्या वर्षांत तळी आटवली, नद्यांना बांध घातले. उत्तर ग्रीसमधल्या गावांच्या आणि उपनगरांच्या नावांत ‘नेआ’, म्हणजे नवं, असं दिसलं की बहुधा ती याच लोकांची वस्ती असते.

थेसालोनिकी शहराचा त्याआधीचा चेहरा पूर्ण वेगळा होता. 1912 पर्यंत ते ऑटोमन साम्राज्यात होतं, आणि 1492 नंतर स्पेनमधून आलेल्या ज्यूंची तिथे सर्वांत मोठी वस्ती होती. शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, बंदर बंद असायचं. 1917 च्या आगीत शहराचा मध्यभाग जळाला. आजचे सरळ रस्ते आणि समुद्राकडे उघडणारा अ‍ॅरिस्टॉटल चौक त्यानंतरच्या आराखड्यातले. 1943 मध्ये जर्मनांनी पन्नास हजारांच्या आसपास ज्यूंना ऑशविट्झला नेलं, त्यातले फारच थोडे परतले. विद्यापीठाचं आवार त्यांच्या उद्ध्वस्त केलेल्या जुन्या दफनभूमीवर उभं आहे. 2014 मध्ये तिथे स्मारक झालं. मुलगी तिथेच शिकणार असेल, तर पहिल्याच आठवड्यात तिने ते पाहावं असं मला मनापासून वाटतं.

दुसरं महायुद्ध आणि 1946 ते 1949 चं यादवी युद्ध यांनी डोंगरातली गावं रिकामी केली. कुणी अथेन्सला आले, कुणी पुढे जर्मनी आणि ऑस्ट्रेलिया गाठलं. जागामालकाने जागा द्यायची, बिल्डरने पाच-सहा मजली इमारत बांधायची आणि मालकाला बदल्यात काही फ्लॅट द्यायचे, या पद्धतीने अथेन्स काही दशकांत काँक्रीटने भरलं. आज देशातले एक तृतीयांशाहून जास्त लोक अथेन्सभोवतीच्या एकट्या अ‍ॅटिका प्रदेशात राहतात. 1991 नंतर अल्बानियातून लाखो माणसं आली. बांधकाम आणि शेती बरीच त्यांच्या हातावर उभी आहे. 2010 च्या आर्थिक संकटानंतर मात्र उलट ओघ सुरू झाला, शिकलेली तरुण मुलं बाहेर गेली. 2021 च्या जनगणनेत लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली, साधारण एक कोटी पाच लाख. पिंडसमधल्या काही गावांत हिवाळ्यात एखाद्याच घरात दिवा दिसतो.

आता व्यवहाराचं. आफ्रिकेची भूपट्टी क्रीटच्या दक्षिणेला एजियनखाली सरकते आहे, आणि एजियनचा प्रदेश स्वतः ताणला जातो आहे, म्हणून भूकंप होतात. थेसालोनिकीला 1978 मध्ये मोठा झाला होता. भूकंपरोधक बांधकामाचे नियम 1985 च्या सुमारास कडक झाले, तेव्हा भाड्याचं घर बघताना इमारत कधीची आहे हे जरूर विचारावं. आणि भूमध्य समुद्र म्हटल्यावर उबदार हवा गृहीत धरू नका. हिवाळ्यात आक्सिओस नदीच्या खोऱ्यातून वार्दारिस नावाचा थंड कोरडा वारा थेट शहरात घुसतो, कधी बर्फही पडतो. चांगला जाड कोट तिथे गेल्यावर घेतला तरी चालेल, पण नोव्हेंबरच्या आत घ्या. शक्य असेल तर एकदा पश्चिम किनाऱ्यावरच्या इगुमेनित्सा बंदराहून योआनिना, मेत्सोवो, ग्रेवेना करत बसने थेसालोनिकीला यावं. वर लिहिलेली पिंडस त्या एका प्रवासात खिडकीतून दिसते: पश्चिमेला हिरवे दाट उतार, मग बोगद्यांमागून बोगदे, आणि पलीकडे कोरडं पिवळं पठार.