डॉक्टर मोजायला बसण्याआधी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

जगाला पुढे किती डॉक्टर लागतील, याचा अंदाज बांधायचं काम तू घेतलंस हे कळलं आणि फार बरं वाटलं. सूत्रं, सॉफ्टवेअर तू शिकलीच आहेस. मला वेगळंच सांगायचंय.

आधी मोजायचं काय ते ठरव. लोक निरोगी राहायला किती डॉक्टर हवेत हा एक प्रश्न, आणि किती जणांचा पगार द्यायची सरकारची नि लोकांची ऐपत आहे हा दुसरा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये पहिला प्रश्न धरला. हजार लोकांमागे डॉक्टर, परिचारिका आणि सुईणी मिळून ४.४५ हवेत असं मानलं, आणि २०३० पर्यंत १ कोटी ८० लाख आरोग्य कर्मचारी कमी पडतील असं निघालं. पुढच्याच वर्षी काही अर्थतज्ज्ञांनी ऐपतीच्या बाजूने हिशेब केला, तर तूट दीड कोटी आली. आकडे जवळचे वाटतात ना? देशवार उघडून बघ. ऐपतीच्या हिशेबात आफ्रिकेतल्या गरीब देशांची तूट आटून जाते, कारण तिथे पदं भरायला पैसाच नाही. केनियात शिकून तयार झालेले डॉक्टर नेमणुकीची वाट बघत बसतात आणि तिकडे दवाखान्यांत माणूस नसतो. ऐपतीचा आकडा एकटाच छापलास, तर ज्याला डॉक्टर परवडत नाही त्याचा आजार हिशेबातून पुसला जातो. एवढं मात्र होऊ देऊ नकोस.

चुकलेल्या अंदाजाचं मोल किती, ते अमेरिकेत बघ. १९८० मध्ये तिथल्या सरकारी समितीने सांगितलं, १९९० पर्यंत ७०,००० डॉक्टर जास्तीचे होतील. एमडीचे, म्हणजे तिथल्या मूळ डॉक्टरकीच्या पदवीचे, प्रवेश पुढची पंचवीसेक वर्षं जवळपास तिथल्या तिथे राहिले. लोकसंख्या वाढली, म्हातारी माणसं वाढली, नवे उपचार आले. शेवटी २००६ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेनेच प्रवेश ३० टक्क्यांनी वाढवा म्हटलं. मधल्या काळात बाहेरून शिकून आलेल्यांनी खूप काम ओढलं, आणि त्यांत भारतातले सर्वांत जास्त. मुंबई-पुण्याच्या सरकारी कॉलेजांत शिकलेले आपलेही त्यांत कितीतरी. म्हणून कुठल्याही देशाचा तक्ता एकटा मांडू नकोस. एकीकडची भरती दुसरीकडची गळती असते.

पुरवठा मोजताना नोंदणीच्या यादीवर विसंबू नकोस. यादी जन्मतारखेने लावून बघ, नव्वदी ओलांडलेलेही सापडतील. परदेशी गेलेले, प्रॅक्टिस सोडलेले, सगळे तिथेच. आपलं केंद्र सरकार नोंदणीतले ८० टक्के डॉक्टर कामावर आहेत असं धरतं, वर आयुषचे मिळवतं. ते ८० चे ७० केले तर काय होतं, ते तक्त्याशेजारीच दाखव.

आणि नुसती डोकी मोजू नकोस. ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, पण भूलतज्ज्ञाचं पद रिकामं आहे, तर सिझर होत नाही. अडलेल्या बाईला १०८ मध्ये घालून जिल्ह्याला पाठवतात. तुझ्या तक्त्यात मात्र तो तालुका भरलेला दिसेल. आज वाढवलेल्या एमबीबीएसच्या जागेतून असा भूलतज्ज्ञ तयार व्हायला आठ-नऊ वर्षं जातात.

पहिला मसुदा झाला की पाठव. आकडे मी मागाहून बघेन, आधी गृहीतकांचं पान लाव.

तुझे,
सर