मोठ्या पितळी वाद्याची गवसणी: वाचकांचे प्रश्न

तुळशीचं लग्न लागलं की सोलापुरातल्या बँडवाल्यांच्या सुपाऱ्या सुरू होतात. त्याआधीचे पंधरा दिवस दुरुस्तीचे. माझ्यासमोर येणाऱ्या वाद्यांवरचे बहुतेक पोचे वाजवताना पडलेले नसतात. ते टेम्पोत चढवताना, मंगल कार्यालयाच्या दारातून नेताना, नाहीतर घरी कोपऱ्यात उभं करताना पडतात. म्हणून या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी फक्त गवसणीचे, म्हणजे बॅगेचे, प्रश्न घेतले आहेत. वाद्यं तीनच: युफोनियम, त्याहून मोठी ट्युबा (बँडवाले तिला बास म्हणतात) आणि अंगाभोवती घालून वाजवायचा सुझाफोन. ट्रम्पेट-क्लॅरिनेटवाल्यांनी थोडं थांबावं.

प्रश्न: मुलगा बँडच्या भरतीची तयारी करतोय, त्याच्यासाठी युफोनियम घेतलं. बॅगांच्या जाहिरातीत कुठे 10 मिलिमीटर, कुठे 30 मिलिमीटर पॅडिंग लिहिलंय. जितकी जाड तितकी चांगली, असं समजू का?

नाही. आधी माप, मग फोमची जात, आणि जाडी सगळ्यात शेवटी. ढगळ बॅगेत फोम कितीही जाड असला तरी वाद्य आतल्या आत हलतं आणि प्रत्येक धक्क्याला आपल्याच वजनानं आपटतं. युफोनियम साधारण चार-पाच किलोचं. एवढं वजन आत इकडून तिकडे गेलं की मार बाहेरून बसायची गरज उरत नाही. वाद्य आत घालून चेन लावा, बॅग आडवी धरून हलवा. आत काही सरकल्यासारखं वाटलं तर ती बॅग दुकानातच राहू द्या.

फोम ओळखायला अंगठा पुरतो. गादीत असतो तसला स्पंज अंगठ्यानं दाबला की तळापर्यंत जातो. त्यात हवेची छिद्रं एकमेकांना जोडलेली असतात, म्हणून तो दबतोही सहज आणि पाणीही पितो. बंद छिद्रांचा फोम (ईव्हीए, किंवा योगासनाच्या चांगल्या मॅटमध्ये असतो तो) अंगठ्याला विरोध करतो आणि सोडल्यावर लगेच वर येतो. बाहेरच्या बाजूला 15 ते 20 मिलिमीटर असा घट्ट फोम आणि आत वाद्याला लागून पाच-सात मिलिमीटर मऊ थर, ही जोडी मला सगळ्यात पटते. नुसता 30 मिलिमीटर स्पंज दिसायला गुबगुबीत, पण वर्षभरात खांद्याच्या जागी चपटा होतो.

आता बॅग उघडून तीन जागा बघा. पहिली, कर्ण्याची, म्हणजे वाद्याच्या पसरट तोंडाची, कड. तिथे गोल, कडक पट्टी किंवा दुहेरी फोम हवा, कारण कडेला वाक आला की तो पूर्ण जात नाही, सराईत कारागिरालाही नाही. दुसरी, खालचं वळण, जिथे नळीचा मोठा यू होतो. उभं करताना पहिला टेका तिथेच लागतो आणि पत्रा तिथे पातळ असतो. तिसरी, पिस्टनची, म्हणजे बोटांनी दाबायच्या खुंट्यांची, बाजू. पिस्टनच्या नळीला केसाएवढा पोचा पडला तरी पिस्टन अडकतो आणि वाद्य त्या दिवसापुरतं मुकं होतं. बॅग बनवणारे बरेचदा सगळीकडे एकसारखा फोम लावून मोकळे होतात. या तीन जागी जास्तीचा थर दिसला तर बनवणाऱ्यानं निदान एकदा तरी युफोनियम हातात धरलंय असं समजा.

माऊथपीसचा खिसा बाहेर हवा, किंवा आत असेल तर जाड पडद्याआड. सुट्टं माऊथपीस बॅगेत टाकणं म्हणजे आत हातोडी ठेवण्यासारखंच.

प्रश्न: आमची बँड पार्टी बार्शीची. बास, युफोनियम सगळी मेरठची. परदेशी बॅगा परवडत नाहीत आणि बसतही नाहीत. सोलापुरात शिवून घ्याव्या का? कोणाकडून?

जरूर शिवून घ्या, तुमच्यासाठी तोच मार्ग शहाणपणाचा आहे. मेरठच्या जाली कोठीत बनणारी वाद्यं हातानं घडवलेली असतात, त्यांची मापं एका कारखान्यातून दुसऱ्यात थोडी बदलतात. गार्ड किंवा प्रोटेकसारख्या कंपन्यांच्या बॅगा ठरावीक घाटाच्या वाद्यांसाठी कापलेल्या असतात. 'फोर-फोर ट्युबा' (म्हणजे पूर्ण मापाची) एवढं लिहिलं म्हणून तुमचा बास त्यात बसेलच असं नाही.

सोलापुरात गणवेश शिवणारे कारखाने पुष्कळ, त्यामुळे पहिला विचार त्यांचा येतो. पण शर्ट शिवणारं मशीन दोन थर कापड आणि वीस मिलिमीटर फोम एकत्र ओढू शकत नाही. टाके सुटतात, सुई मोडते. गाड्यांची सीट कव्हरं शिवणाऱ्याकडे किंवा शाळेच्या दप्तरांचं ठोक काम करणाऱ्याकडे जा. त्यांच्या मशीनचा पाय वरून कापड पुढे सरकवतो, जाड नायलॉन दोरा चालतो आणि 10 नंबरची चेनही त्यांच्याकडे असते.

माप असं घ्या. जमिनीवर कोरा कागद पसरा, वाद्य आडवं ठेवा, पेन्सिल सरळ उभी धरून कडेनं रेघ मारा. मग टेपनं कर्ण्याचा व्यास, पिस्टनजवळची सर्वांत जास्त जाडी आणि एकूण उंची घ्या. कारागीर बहुधा चुकतो तो घेरात. समजा कर्ण्याचा व्यास 30 सेंटिमीटर, म्हणजे घेर 94. फोम 20 मिलिमीटरचा, तर तो म्हणतो, "दोन्ही बाजूंनी दोन-दोन सेंटिमीटर, म्हणजे चार वाढवतो." पण फोमवरून बाहेरचं कापड जातं तिथे व्यास 34 होतो आणि घेर जवळजवळ 107. तेरा सेंटिमीटर वाढले! चारच वाढवले तर कर्णा आत जाणार नाही, नाहीतर चेनवर ताण येऊन ती महिन्यात फाटेल. अस्तर 94 च्या हिशेबानं आणि बाहेरचं कापड 107 च्या हिशेबानं, एवढं त्याला लिहूनच द्या. वर शिलाईसाठी सोडायचं कापड वेगळं.

कापडाचं म्हणाल तर बाहेर 600 डेनियर (धाग्याच्या जाडीचं माप) पॉलिस्टर बऱ्यापैकी चालतं. 1000 डेनियरचं नायलॉन मिळालं तर उत्तम, टेम्पोच्या पत्र्यावर घासलं तरी लवकर फाटत नाही. रेग्झिन मला आवडत नाही, त्याचं कारण पुढे उन्हाच्या प्रश्नात येईल. अस्तर गुळगुळीत हवं. लॅकरवर, म्हणजे पितळेवरच्या चकचकीत लेपावर, खरखरीत कापड रोज घासलं की चमक जाते, आणि ती बॅगेमुळे गेली हे कुणाच्या लक्षातही येत नाही. चेनच्या आतल्या बाजूनं दोन बोटं रुंद कापडी पट्टी शिवायला सांगा, म्हणजे चेनचे दात वाद्याला ओरखडणार नाहीत. चेन एका कुशीवरून पूर्ण उघडणारी आणि दोन रनरची घ्या. वरच्या तोंडातून वाद्य खाली सोडायची बॅग शिवायला सोपी, पण प्रत्येक वेळी पिस्टनच्या टोप्या अस्तरात अडकतात.

आता पट्टे. पट्टा नुसता बॅगेच्या कापडावर शिवलेला नको. निवार पट्टी बॅगेच्या तळाखालून फिरून दोन्ही बाजूंनी वर आली पाहिजे, म्हणजे वजन टाक्यांवर लोंबत नाही, पट्टीवर बसतं. जिथे पट्टी संपते तिथे चौकोन आणि त्यात फुली, अशी शिलाई हवी. पैसे देण्यापूर्वी बॅगेत पंधरा किलो ज्वारी पोत्यासकट घाला आणि पट्ट्यांना धरून चार झटके द्या. कारागीर जरा रागावेल, रागावू द्या. बास दहा किलोच्या आसपास असतो, पण धावत टेम्पोत चढणारा पोरगा त्याला झटका देतो तो दहा किलोचा नसतो.

एक नमुना आधी करून घ्या आणि तो महिनाभर वापरल्यावरच बाकीच्यांची ऑर्डर द्या.

प्रश्न: आमचा सुझाफोन आहे. त्याची बॅग एक घ्यायची की दोन?

दोन. कर्णा स्क्रू सैल करून काढता येतो, तर काढून वेगळाच न्या. तो बहुधा 26 इंचांचा, म्हणजे 66 सेंटिमीटर असतो. जोडलेल्या अवस्थेत टेम्पोत ठेवला तर बाकीची माणसं त्यावर रेलतात. कर्ण्याला गोल, चपटी बॅग, आणि आत कडक पुठ्ठा किंवा प्लास्टिकचा पत्रा. अंगाभोवती येणाऱ्या गोल भागाला दुसरी बॅग. तोंडाकडची वाकडी नळी आणि तिच्यासोबतचे छोटे तुकडे यांना स्वतंत्र पिशवी हवीच. वरातीच्या गडबडीत हेच तुकडे हरवतात आणि मग कुणाच्या तरी वाद्याचा भलताच तुकडा जुगाड करून लावला जातो, त्यानं सूर हलतो.

फायबरचा सुझाफोन असेल तर लॅकरची काळजी नाही, पण फायबरला तडा जातो, पितळेसारखा पोचा पडत नाही. तिथे फोम कमी करू नका.

प्रश्न: मुलगी अकरावीत, उंची पाच फूट. कॉलेजच्या बँडसाठी ट्युबा घेऊन तिला आठवड्यातून तीनदा जावं लागतं. स्कूटीवर पाठीला लावून नेली तर चालेल का?

ताई, स्कूटीवर नको. ट्युबा उंचीनं मीटरभर, वजन नऊ-दहा किलो. पाठीवर लावली की बॅगेचं टोक डोक्याच्या वर जातं आणि वाऱ्याचा झोत आला की तोल मागे ओढतो. सात रस्ता चौकाच्या गर्दीत अचानक ब्रेक मारावा लागला तर वाद्याचं जाऊ द्या, पोरीचं काय? रिक्षा करा.

बॅग मात्र पाठीवर लावता येणारीच घ्या, रिक्षा ते वर्ग एवढं अंतर तरी तिनं दोन्ही हात मोकळे ठेवून चालावं. पट्टे रुंद, पॅडिंगचे, आणि छातीवर क्लिप लागणारे. कमरेचा पट्टा असेल तर फारच छान, वजन खांद्यावरून कमरेवर उतरतं. बॅग घ्यायला तिला सोबत न्या, वाद्य घालून पाठीवर चढवा आणि दुकानाच्या दारातून आत-बाहेर करायला लावा. वरचं टोक चौकटीला लागलं तर पट्टे खाली सोडून बघा. तरी लागत असेल तर तो घाट तिच्यासाठी नाही. बाजूला एक आणि वर एक अशा हातात धरायच्या मुठी हव्यात, जिन्यावर त्या लागतात. वाद्य अजून घ्यायचं असेल तर लहान, थ्री-फोर घाटाच्या ट्युबाचाही विचार करा.

चाकं लावलेल्या बॅगांबद्दलही विचारलंय. विमानतळाच्या फरशीवर चाकं ठीक. आपल्या रस्त्यांवर प्रत्येक खड्ड्याचा हादरा डाखाच्या जोडांपर्यंत पोचतो आणि आधाराच्या दांड्या सुटायला लागतात.

प्रश्न: बॅगेत ठेवूनसुद्धा बासवर आतल्या बाजूनं लाल ठिपके आले. बॅग खराब आहे का?

बॅगेपेक्षा सवय तपासा. साधं पिवळं पितळ म्हणजे सुमारे 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त. वाजवताना श्वासातली वाफ आणि लाळ नळीत साठते. ती तशीच राहिली तर पितळेतलं जस्त हळूहळू निघून जातं, मागे उरतं ते तांबं. तेच लाल ठिपके. आतून सुरू होतं, बाहेर दिसतं तोवर पत्रा कमजोर झालेला असतो. वाजवून झालं की पाण्याच्या चाव्या उघडून फुंकून पाणी काढा, स्लाइड (सूर जुळवायच्या सरकत्या नळ्या) काढून झटका, आणि बॅगेची चेन लगेच लावू नका. आपल्याकडे सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात, आणि गणपती विसर्जनही बहुधा त्याच सुमारास. भिजून आलेलं वाद्य रात्रभर बॅगेत कोंडणं हा सगळ्यात वाईट प्रकार. बॅगही उलटी करून वाळवा. बंद छिद्रांचा फोम इथेच कामाला येतो. स्पंज आतून दोन-दोन दिवस ओला राहतो.

उन्हाळ्याचं दुखणं वेगळं. मे महिन्यात सोलापूरचा पारा 42-43 अंशांपर्यंत चढतो, बंद टेम्पोच्या आत त्याहून बराच जास्त. रेग्झिन मऊ होऊन लॅकरला चिकटतं, त्याचे व्रण राहतात. स्वस्त बॅगांत फोम चिकटवायचा गोंद सुटतो आणि सगळा फोम तळाशी गोळा होतो. म्हणून फोम चिकटवलेला नको, चौकटी पाडून शिवलेला हवा. बॅगेत रबराचे तुकडे ठेवू नका. त्यातल्या गंधकानं चांदीचा मुलामा काळा पडतो.

प्रश्न: वडिलांच्या काळापासून आम्ही बास सोलापुरी चादरीत गुंडाळून नेतो. काही झालं नाही. बॅग कशाला?

टेम्पोत चादर खरोखर कामाची आहे. दोन वाद्यांच्या मध्ये दुहेरी घडी घातली की ओरखडे वाचतात. पण चादर कर्ण्याच्या कडेवर सरकते, खालच्या वळणावर ताणली जाते, आणि सुती असल्यानं पाणी धरून ठेवते. बॅग आली तरी चादर टाकू नका, टेम्पोच्या तळाला अंथरा. आपल्याकडचे जाड टर्किश टॉवेल तर त्याहून उपयोगी. एक गुंडाळी करून कर्ण्याच्या तोंडात हलकेच बसवा, वाटेत बाहेरून दाब आला तर कर्णा आत चेपत नाही. दाबून मात्र कोंबू नका.

प्रश्न: सिद्धेश्वर एक्सप्रेसनं मुंबईला जायचंय, तिथून पुढे विमान. बॅग पुरेल का?

रेल्वेत पुरेल, पण वाद्य नजरेसमोर राहिलं तरच. आरक्षण वरच्या बर्थचं मागा आणि युफोनियम डोक्याशी आडवं ठेवा, पिस्टन भिंतीकडे. बर्थखाली सरकवलं की रात्री कुणीतरी ट्रंक ढकलतोच. ट्युबा असेल तर सोबत्याशी बोलून एक बर्थ वाद्यालाच द्या.

विमानात सामानात द्यायचं असेल तर मऊ बॅग अजिबात चालणार नाही. तिचं काम ओरखडे आणि किरकोळ धक्के अडवायचं, वर पडणाऱ्या सुटकेसांचं ओझं ती पेलत नाही. त्याला कडक केस लागते, फायबरची किंवा जाड प्लास्टिकची, आणि आत वाद्य न हलणारी. एकाच प्रवासासाठी विकत घेणं जड जात असेल तर ओळखीच्या वादकाकडून आठवडाभर मागून आणा. मागून आणलेली केस तुमच्या वाद्याला घट्ट बसणार नाहीच, मोकळी जागा टॉवेलांनी भरा, आधी कर्ण्याभोवतीची आणि मग पिस्टनजवळची. पिस्टनचं तेल सामानात देण्याआधी विमान कंपनीला विचारा. ते ज्वलनशील असतं, बाटली काढून घेण्याची शक्यता आहे.