एस्टिमेट वाचताना : ब्रेकचे दीड हजार की साडेनऊ हजार?

(वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या ताईंनी पुण्यातल्या एका अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये १४ वर्षं ॲडव्हायजर म्हणून काम केलं आहे.)

प्रश्न : ताई, मी चिपळूणला हायस्कूलमध्ये शिकवतो. गाडी सात वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, ६२,००० किलोमीटर झालेत. ब्रेक दाबला की पुढून शिट्टीसारखा बारीक आवाज येतो. सर्व्हिस सेंटरने एस्टिमेट दिलं : पुढचे पॅड २,४५०, दोन्ही डिस्क ४,६००, लेबर १,३५०, ब्रेक क्लीनिंग-ग्रीसिंग ६५०, ब्रेक ऑइल ४८०, कर धरून एकूण ९,५३० रुपये. घराजवळचा मेकॅनिक म्हणतो, "सर, पॅड अकराशे, मजुरी चारशे, तासाभरात गाडी घेऊन जा." आई कराडला असते, दर पंधरा दिवसांनी कुंभार्ली घाट करावा लागतो. आठ हजारांचा फरक आहे, पण घरातून विचारणा होते, की ब्रेकमध्ये कसले पैसे वाचवता? काय करू? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : सर, तो आवाज मुद्दाम ठेवलेला असतो. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती, आणि पॅड तिला दोन्ही बाजूंनी दाबून गाडी थांबवतात. नव्या पॅडवर साधारण दहा मिलिमीटर जाडीचं घासणारं मटेरियल असतं. ते दोन-तीन मिलिमीटरवर आलं की पॅडला लावलेली पत्र्याची छोटी जीभ डिस्कला टेकते आणि शिट्टी वाजते. म्हणजे पॅड बदलायचेच आहेत, यावर दोघांचंही एकमत आहे. महिना-दोन महिने ढकलू नका. शिट्टीची करकर झाली, की पॅडमागची लोखंडी पट्टी डिस्क खरवडायला लागली असं समजा, आणि मग डिस्कचे ४,६०० खरोखरच द्यावे लागतील.

आता दोन्ही आकडे शेजारी मांडा. या दोघांनी तुम्हाला एकाच कामाचा भाव सांगितलेलाच नाही. सर्व्हिस सेंटरच्या कागदातून डिस्क काढली, की डिस्क बसवायची मजुरीही जाते. नुसत्या पॅडचं लेबर किती, हे त्यांना वेगळं विचारा. समजा ७०० सांगितलं, तर पॅड आणि लेबर मिळून ३,१५० होतात. मेकॅनिकचे १,५००. फरक १,६५० रुपयांचा, आणि त्यातले १,३५० तर पॅडच्या किमतीतलेच आहेत. मजुरीत फक्त तीनशेचा फरक. तुमच्या आठ हजारांतला मोठा तुकडा डिस्कचा आहे. म्हणून 'कंपनी की गॅरेज' हे ठरवण्याआधी 'डिस्क बदलायची गरज आहे का' हे ठरवा.

ते अंदाजानं ठरवायचं नसतं, मोजून ठरवायचं असतं. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, बहुतेक वेळा मधल्या टोपीसारख्या भागावर किंवा कडेला. नवी डिस्क आणि ही किमान जाडी यांत साधारण दोनच मिलिमीटरचं अंतर असतं, त्यामुळे नुसतं बघून सांगणाऱ्यावर विसंबू नका. ॲडव्हायजरला शांतपणे म्हणा, "मायक्रोमीटर लावून दोन्ही बाजूंची जाडी जॉब कार्डवर लिहून द्या." आकडा किमान जाडीच्या खाली किंवा अगदी टेकलेला असेल, तर डिस्क बदला, वाद घालू नका. वर असेल, चरे नखाला अडकण्याइतके खोल नसतील आणि ब्रेक दाबताना स्टेअरिंग किंवा पेडल थरथरत नसेल, तर जुनी डिस्क नव्या पॅडबरोबर चालते. "डिस्कला गंज आलाय सर" असं कोणी दाखवलं, तर तुमच्याकडच्या पावसात गाडी दोन दिवस उभी राहिली तरी डिस्क नारिंगी होते. गल्लीतून बाहेर पडेपर्यंत दोन ब्रेक मारले की तो गंज निघून जातो.

हे मी इतक्या खात्रीनं लिहिते, कारण ती एस्टिमेटं मी रोज बनवत होते. आम्हाला गाडीमागे किती रुपयांचं काम निघालं पाहिजे याचं टार्गेट असायचं आणि महिनाअखेरीला ते भिंतीवर लागायचं. क्लीनिंग-ग्रीसिंगची ओळ त्यात सगळ्यात सोपी. गिऱ्हाईक नाही म्हणत नसे. एकदा भोरकडचे एक काका चार महिन्यांत परत आले. पॅड आम्हीच बदललेले. चाक खोललं तर डाव्या बाजूचं आतलं पॅड पार पत्र्यावर आलेलं आणि बाहेरचं निम्म्याहून जास्त शिल्लक. पॅड दाबून धरणारा चिमटा, म्हणजे कॅलिपर, ज्या दोन पिनांवर मागेपुढे सरकतो, त्यातली एक गंजून जाम झालेली. टेक्निशियननं ती पक्कडीनं पिळून काढली, तेव्हा कोरडी ठणठणीत होती, ग्रीसचा मागमूस नाही. जुन्या बिलावर 'ब्रेक ग्रीसिंग' लिहिलेलं होतं आणि जॉब कार्डवर सही माझी होती. आधी पॅड बदलणाऱ्या पोराचाही सगळा दोष नव्हता, दिवसाला आठ-आठ गाड्या त्याच्या अंगावर असायच्या. पण काकांनी पैसे मोजले होते, आणि काम झालेलं नव्हतं. त्या दिवसापासून पिना बाहेर काढलेल्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी ती ओळ बिलात घातली नाही. तुम्हीही बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, मग काम कुठेही करा. तुम्ही कोकणात आहात. दमट हवा, चार महिने पाऊस. पिनांचं काम तुमच्याकडे पॅडइतकंच महत्त्वाचं आहे.

आता तुमचा मेकॅनिक. तो चांगला असेलही. तरी अर्धा तास शेजारी उभे राहा. चाक काढल्यावर कॅलिपर नुसत्या रबरी नळीवर लोंबकळत ठेवतो का? ठेवत असेल तर तारेनं स्प्रिंगला बांधायला सांगा, त्या नळीवरच ब्रेकचं सगळं प्रेशर असतं. पॅडची काळी पूड हवेच्या पाइपनं उडवू देऊ नका, ब्रेक क्लीनर मारून धुऊन काढायला सांगा. ती पूड त्याच्याच छातीत जाते, आणि स्वस्त पॅडमध्ये काय घातलंय हे कोणालाच ठाऊक नसतं. पिनांना साधं काळं ग्रीस नको. त्यानं रबर फुगतं. सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लागतं, छोटी पुडी मिळते. आणि पॅड डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचे एकदमच बदलायचे.

अकराशेचा पॅड कोणत्या कंपनीचा, हे विचारा. टीव्हीएस गर्लिंग, राने, बॉश अशा नावांचे पॅड बाजारात मिळतात, आणि यातल्या काही कंपन्या गाड्या बनवणाऱ्यांनाही माल पुरवतात. असा पॅड असेल, तुमच्याच मॉडेलचा असेल आणि दुकानाचं पक्कं बिल मिळत असेल, तर अकराशे वाईट नाहीत. बिल नाही, खोकं मळलेलं, शिक्का पुसट, असा चारशे-पाचशेचा पॅड मात्र कुंभार्लीत नेऊ नका. आणखी एक वाट आहे, ती फारसं कोणी सांगत नाही. गाडीच्या कंपनीचाच पॅड अधिकृत स्पेअर पार्ट्सच्या दुकानातून छापील किमतीत विकत घ्या आणि मेकॅनिककडून बसवून घ्या. २,४५० अधिक ४००, म्हणजे २,८५०. घरात ब्रेकवरून धाकधूक असेल, तर मला हाच मार्ग पटतो. खोक्यावरची छापील किंमत मात्र नीट वाचा. २२ सप्टेंबर २०२५पासून गाडीच्या सगळ्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के झालाय, आधी बहुतेक भागांवर २८ होता. जुना माल जुन्या भावात गळ्यात पडायला नको.

आणि सर, ज्या ओळीकडे तुम्ही बहुधा लक्षही दिलं नसेल, ती सोडू नका. ब्रेक ऑइल, ४८० रुपये. सगळ्या एस्टिमेटमध्ये तुमच्या घाटासाठी हीच ओळ सगळ्यात मोलाची आहे, आणि मेकॅनिकनं ती सांगितलेलीच नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. नवं कोरडं डॉट ३ प्रतीचं ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल शिरली की तीच मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. डॉट ४चे हेच आकडे २३० आणि १५५. कराडहून येताना कोयनानगर, हेळवाक सोडून पोफळीकडे उतरायला लागलात, की पाय सतत ब्रेकवर असेल तर पॅड, कॅलिपर, ऑइल सगळं तापतं. ऑइल उकळलं की त्यात बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, बुडबुडे दाबले जातात. मग पॅड कितीही महागाचे असोत, पेडल स्पंजासारखं खाली जातं. बहुतेक कंपन्या साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलायला सांगतात. तुमच्या गाडीत ते कधी बदललं होतं, जुनी बिलं काढून बघा. बदललेलं नसेल तर पॅडबरोबरच बदला, आणि बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या टाकीच्या टोपणावर जी प्रत लिहिली आहे तीच घाला. ऑइल बदलल्यावर चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा काढून घ्यायची, हे मेकॅनिकला सांगायला लागू नये, तरी सांगा.

काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी, जागेवर उभ्या गाडीत, पेडल कडक लागेपर्यंत पंप करा. पॅड बसवताना, त्यांना डिस्कवर दाबणारा कॅलिपरमधला पिस्टन मागे ढकललेला असतो. पहिल्या दाबाला पेडल थेट तळाला जातं. गॅरेजमधून गाडी मागे घेताना भिंतीला ठोकलेली मी दोनदा पाहिली आहे. नवे पॅड डिस्कवर बसायला दोन-तीनशे किलोमीटर लागतात. तेवढ्यात कराडची फेरी नको. गुहागर रोडला सकाळी मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगावरून वीसपर्यंत हळूच आठ-दहा वेळा ब्रेक लावा, मध्ये थंड होऊ द्या. आणि घाटात उतरताना दुसरा गिअर, न्यूट्रल कधीच नाही.

प्रश्न : गाडी दोन वर्षांची, ऑटोमॅटिक, वॉरंटीत आहे. मागचे पॅड संपलेत. बाहेर काम केलं तर वॉरंटी रद्द होईल, असं सर्व्हिस सेंटर म्हणतं. खरं का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : सरसकट असं म्हणता येत नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड केला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती त्या बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नव्हत्या, म्हणून. बाहेर दुरुस्ती केली की वॉरंटी संपली, अशी सरसकट अट घालू नका, असंही त्या आदेशात होतं. कंपन्या पुढे अपिलात गेल्या. तुम्ही एवढंच करा, की "रद्द होईल" हे ॲडव्हायजरकडून लेखी मागा, आणि वॉरंटीची पुस्तिका स्वतः वाचा. अडलंच तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. पॅड झिजणारा भाग, त्यामुळे ते तसेही वॉरंटीत फुकट मिळत नाहीत.

पण तुमच्या गाडीला हँडब्रेकऐवजी बटण असेल, तर माझं उत्तर बदलतं. त्या गाडीत मागच्या कॅलिपरला मोटर असते. गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावून ती सर्व्हिस मोडमध्ये मागे घेतल्याशिवाय पिस्टन दाबला, तर मोटर मोडू शकते. हे काम स्कॅनर असलेल्याकडेच द्या. तुमच्या माहितीत असं गॅरेज नसेल, तर सर्व्हिस सेंटरलाच जा. तिथे जास्तीचे हजार गेले तरी चालतील.

प्रश्न : ब्रेक पॅड बदलायचं काम खरंच झालं की नाही, हे मला गाडीतलं काही कळत नसताना कसं ओळखू? – एक वाचक, सांगली

उत्तर : गाडी देतानाच सांगा, "जुने पॅड मला परत हवेत," आणि ते जॉब कार्डवर लिहून घ्या. चार तुकडे मिळाले पाहिजेत. घरी आणून पट्टीनं मोजा. चारही साधारण सारखे झिजले असतील तर ठीक. एक पातळ आणि त्याच चाकाचं दुसरं जाड असेल, तर त्या पिशवीसकट दुसऱ्या दिवशी परत जा आणि त्या चाकाच्या पिना तुमच्यासमोर बाहेर काढायला लावा.