विशेषनामापासून विशेषण: वाचकांचे प्रश्न

विशेषनाम आणि विशेषण यांत मुलांचा सारखा गोंधळ होतो. कसे समजवावे?

दोन्ही शब्दांत 'विशेष' असल्याने हे होते. 'जपान' हे एकाच देशाचे नाव, म्हणून विशेषनाम. 'जपानी बाहुली'त बाहुली कोणती, हे 'जपानी' सांगतो, म्हणून ते विशेषण. विशेषनामाला प्रत्यय लागून ते तयार झाले. अशांना नामसाधित विशेषणे म्हणतात. मात्र 'ती जपानीत बोलते' इथे 'जपानी' भाषेचे नाव, म्हणजे नामच. विभक्तीचा प्रत्यय थेट लागला की शब्द नामाचे काम करतो, एवढे मुलांना जरूर दाखवा.

'जपानचा नकाशा' आणि 'जपानी नकाशा' एकच ना?

नाही, आणि हा फरक मला फार मोलाचा वाटतो. जपानचा नकाशा कुठेही छापलेला असो, त्यात जपान दिसणार. जपानी नकाशा जपानमध्ये किंवा जपानी भाषेत तयार झालेला; तो आफ्रिकेचाही असू शकतो. '-चा' संबंध सांगतो, '-ई' जात किंवा घडण सांगते. शिवाय '-चा' लिंगवचनाप्रमाणे बदलतो (जपानचा, जपानची, जपानचे), 'जपानी' तसेच राहते.

'चीन' दीर्घ, मग 'चिनी' ऱ्हस्व का?

शब्दाचे शेवटचे अक्षर दीर्घ असले की त्याच्या आधीचा इकार-उकार मराठीत ऱ्हस्व होतो. म्हणून चिनी, काश्मिरी, नागपुरी. 'पूजा', 'क्रीडा' असे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द याला अपवाद आहेत.

'शिव'पासून 'शैव' कसे झाले? प्रत्यय तर दिसत नाही.

प्रत्यय आहे, त्याची खूण शब्दाच्या सुरुवातीलाच उमटते. संस्कृतात असा प्रत्यय लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होते: अ चा आ, इ चा ऐ, उ चा औ. शिव–शैव, बुद्ध–बौद्ध, जिन–जैन, मगध–मागधी, शूरसेन–शौरसेनी. 'विष्णु'चे 'वैष्णव' होताना सुरुवातीच्या 'वि'चा 'वै' होतोच, शेवटच्या उ चाही 'अव' होतो. अगदी तसेच 'मनु'पासून 'मानव'! मूळ अर्थ मनूचा, मनूपासून झालेला. आज आपण तो नाम म्हणून इतका सहज वापरतो की त्यात एक विशेषनाम आहे, हे ध्यानातही येत नाही. 'भारतीय', 'पाणिनीय' यांत मात्र '-ईय' प्रत्यय उघड दिसतो आणि पहिला स्वर तसाच राहतो.

'जर्मनी' आणि 'जर्मन' यांत विशेषण कोणते?

'जर्मन'. शेवटचा ई पाहून फसू नका. इथे ई देशाच्या नावात आहे. 'जर्मन', 'रशियन', 'अमेरिकन' हे शब्द आपण इंग्रजीतून तयार स्वरूपातच घेतले. ते रुळले आहेत, खुशाल वापरा. पण 'महाराष्ट्रीयन' लिहू नका. 'महाराष्ट्रीय'मध्ये '-ईय' आधीच आहे, त्यावर इंग्रजी '-अन' कशाला चढवायचा?

मुलगी इंग्रजीत 'इंडियन'चे पहिले अक्षर लहान काढते.

देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नसल्याने तिला ती सवय नाही. इंग्रजीत विशेषनामापासून झालेले विशेषणही मोठ्या अक्षराने सुरू होते. तिला 'इंडिया' आणि 'इंडियन' शेजारी-शेजारी लिहायला लावा.