काटा कुठं अडलाय? वाचकांचे प्रश्न, घड्याळवेड्याची उत्तरं

नमस्कार काका. तारकर्लीला पर्यटकांना स्कूबाला घेऊन जातो. हातात 50 मीटर लिहिलेलं बऱ्यापैकी महागाचं घड्याळ असतं, परवा काचेला आतून वाफ धरली. भाच्यानं तांदळात ठेवायला लावलंय. काय करूचा ता सांगा. – एक बोटवाला, मालवण

भाऊ, आधी ते तांदळातनं काढ. वाफ जाईल एखादवेळेस, पण आत गेलेलं मीठ तिथंच राहतं आणि मशीन गंजवतं ते मीठच. आजच्या आज मागचं झाकण उघडून घे, गावातला घड्याळजी चालेल, फक्त मशीन सुटं करून साफ करणारा हवा, फुंकर मारून परत झाकण लावणारा नको.

आता त्या 50 मीटरचं. तो आकडा नव्या घड्याळावर, स्थिर दाबाखाली केलेल्या टेस्टचा असतो, आणि तू बोटीवरनं उडी मारतोस, हात मारतोस, वर त्या रबराच्या रिंगा म्हणजे गॅस्केट उन्हानं न् खाऱ्या पाण्यानं दोन-चार वर्षांत कडक होतात. 30 मीटर म्हणजे हात धुणं आणि पाऊस, 50 म्हणजे थोडंसं पोहणं, रोज समुद्रात उतरणाऱ्यानं 200 मीटरचं आणि स्क्रूनं बंद होणारी चावी (बाजूची फिरवायची कळ) असलेलंच घ्यावं. डायव्हर घड्याळांचं आयएसओ 6425 नावाचं मानक आहे, ते बघून घे. सेकंडहँडमध्ये सेकोचं एसकेएक्स007 चांगल्या अवस्थेत मिळालं तर सोडू नकोस, 2019 च्या आसपास बंद झालं ते, कळ फिरवून चावी देता येत नाही, हातावर हललं की चालतं, पण दणकट. समुद्रातनं आलास की गोड्या पाण्याखाली धर, चावी बंद आहे ना बघून. आणि घरच्या घरी तपासायचं असेल तर घड्याळ जरा कोमट होऊ दे, काचेवर थंड पाण्याचा थेंब ठेव, मिनिटभरानं पूस. आतनं धुरकट डाग दिसला तर ओल आहे.

(1927 साली मर्सिडीज ग्लाइत्झ नावाची बाई रोलेक्सचं ऑयस्टर नावाचं घड्याळ गळ्यात अडकवून इंग्लिश खाडीत उतरली होती. दहा तासांवर गारठ्यात पोहली, शेवटी तिला बाहेर काढावं लागलं, घड्याळ मात्र चालू. जाहिरात कशी करावी हे तेव्हापासून त्या कंपनीला कळतं.)

यंदा आंब्याच्या कलमांनी साथ दिली, अडीच-तीन लाख बाजूला काढलेत. पहिलंच स्विस घड्याळ. मुलगा म्हणतो रोलेक्सच घ्या, इन्व्हेस्टमेंट आहे. बायको म्हणते पंपाची मोटर बदला. – बागायतदार, देवगड

वहिनींचं पहिलं ऐका, मग माझं. रोलेक्स त्या पैशात नवं येत नाही, आणि सबमरिनरसारखं त्यांचं खपणारं मॉडेल शोरूममध्ये गेलं नि घेतलं असं होत नाही, नाव नोंदवून बसावं लागतं. इन्व्हेस्टमेंटचं म्हणाल तर मोजकी मॉडेल्स सोडली तर बहुतेक घड्याळं दुकानाच्या पायरीवरनं खाली उतरली की किंमत उतरते. विकायचा विचार डोक्यात ठेवून घेतलेलं घड्याळ माणूस घालतच नाही, सांभाळत बसतो. मग कशाला घ्यायचं?

तुमच्या जागी मी लॉन्जिनचं हायड्रोकॉन्क्वेस्ट बघेन. 300 मीटर, सिरॅमिकची बेझल म्हणजे काचेभोवतीची रिंग, ऑटोमॅटिक मशीन हातातनं काढून ठेवलं तरी चांगलं तीन दिवस चालतं, बागेत घाम आला, हौदात हात घातला तरी काळजी नाही. ट्यूडरचं ब्लॅक बे 58 मला मनापासून जास्त आवडतं, 39 मिलिमीटरचं आहे, मध्यम मनगटावर सुंदर बसतं, पण बजेट ताणावं लागेल. चामड्याचा पट्टा नको, आपल्याकडे पावसाळ्यात महिन्याभरात बुरशी. मनगटावर घालून बघितल्याशिवाय तर अजिबात घेऊ नका, फोटोत सगळीच छान दिसतात. आणि आंब्याचा पैसा रोखीत असतो म्हणून सांगतो, 2 लाख किंवा त्यावर रोख दुकानदार घेऊच शकत नाही, कायदा आहे, तेव्हा पॅन कार्ड न् बँकेचा व्यवहार. बिल आणि शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड जपा. पाच-सात वर्षांनी सर्व्हिसिंग येणार, त्याचा खर्च आत्ताच विचारून घ्या, नंतर डोळे पांढरे होतात.

मित्राकडे फर्स्ट कॉपी आहे, सेम टू सेम दिसते, सहा हजारात. घेऊ का? – चिपळूण

नको. बनावट माल आहे, पाणी शिरलं की कोणी दुरुस्त करत नाही. त्याच पैशात टायटन किंवा सेको ५ चं जुनं पण खरं मिळेल.

आजोबांचं फेव्हर ल्युबा सापडलंय, चावीचं. डायल डागाळलीय. एक व्यापारी म्हणतो, नवी करून देतो, नाहीतर चांगला भाव देतो. काय करू? – रत्नागिरीहून एक वाचक

ताई, दोन्हीला नाही म्हणा, निदान सध्या. हे 1737 पासूनचं स्विस नाव, एकोणिसाव्या शतकातच मुंबईत आलेलं, साठ-सत्तरच्या दशकात आपल्याकडे नोकरीला लागलेल्या कितीतरी माणसांच्या हातात हेच असायचं. आता शौकीन लोक शोधत असतात, आणि म्हणूनच बाजारात रंगवलेल्या डायलचा सुळसुळाट झालाय. मुंबईतनं जुनी घड्याळं भडक निळ्या-नारिंगी डायल लावून बाहेर विकली जातात, परदेशातले संग्राहक त्यांना सरळ मुंबई स्पेशल म्हणून हिणवतात. तुमची डागाळलेली पण मूळची डायल असेल तर तीच त्या घड्याळाची किंमत. भिंग घेऊन बघा: अक्षरं बारीक आणि सारख्या जाडीची आहेत का, मिनिटांच्या रेघा काट्याच्या टोकाशी जुळतात का, तळाला स्विस मेड आहे का. अक्षरं जाड, फुगलेली किंवा तिरकी दिसली तर आधीच कोणीतरी हात मारलाय.

बंद आहे म्हणून जोरात चावी देऊ नका, तेल सुकलेलं असतं, चाकांचे दाते झिजतात. फक्त साफसफाई न् तेलपाणी सांगा, काच बदलली तर चालेल, डायल आणि काट्यांना हात लावायचा नाही, आणि जे सुटे भाग बदलतील ते जुने परत मागून घ्या. पॉलिश करून देतो म्हणाला तर हात जोडा, घड्याळाच्या धातूच्या खोक्याच्या कडा गेल्या की गेल्या. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, पुड्या दर महिन्याला बदला. त्याच डब्यात सेलवालं बंद पडलेलं घड्याळ असेल तर त्यातला सेल आधी काढून टाका, फुटला तर आतलं मशीन खातो.