नवीन ब्लॉगसाठी ब्लॉगर घ्यावं की वर्डप्रेस?

तुम्ही विचारलंय की मराठीत लिहायचंय, तांत्रिक माहिती फारशी नाही, खर्चही कमी ठेवायचाय, तर ब्लॉगर, वर्डप्रेस की आणखी काही? माझं मत असं: स्वतःचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा स्वतःच्या नावाचा पत्ता, विकत घ्या, ते ब्लॉगरला जोडा आणि लिहायला लागा. प्लॅटफॉर्म पुढे कधीही बदलता येतो. पत्ता बदलला तर मात्र इतरांनी दिलेल्या लिंक तुटतात आणि गूगलमध्ये मिळालेली जागाही जाते.

ही भीती उगाच नाही. पोस्टेरस ही ब्लॉगसेवा २०१३ मध्ये बंद झाली, टाइपपॅड २०२५ मध्ये. ज्यांचं डोमेन स्वतःचं होतं त्यांना त्याच पत्त्यावर दुसरीकडे बिऱ्हाड हलवता आलं. बाकीच्यांच्या हाती मजकूर उरला, पण पत्ता गेला.

ब्लॉगर १९९९ पासून आहे, २००३ पासून गूगलकडे आहे आणि डोमेन जोडायचे वेगळे पैसे घेत नाही. वर्डप्रेस डॉट कॉम म्हणजे वर्डप्रेसची तयार सेवा; तिच्या मोफत योजनेत तुमचं डोमेन जोडता येत नाही, शिवाय तिथे त्यांच्या जाहिराती दिसतात. ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये डोमेन टाकलं की दोन सीनेम नोंदी (एक नाव दुसऱ्या पत्त्याकडे वळवणाऱ्या ओळी) मिळतात. त्या डोमेन जिथून घेतलं तिथल्या डीएनएस पानावर (डोमेन कुठे न्यायचं ते ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये) भरायच्या. घोळ इथेच होतो. बहुतेक पॅनेल नावापुढे डोमेन आपोआप लावतात, त्यामुळे तुम्ही पूर्ण पत्ता लिहिलात तर डोमेन दोनदा लागतं आणि पडताळणी होत नाही. पहिल्या नोंदीच्या नावाच्या रकान्यात फक्त 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' एवढंच लिहा. दुसऱ्या नोंदीतलं विचित्र अक्षरांचं नाव जसंच्या तसं कॉपी करा. मग ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी) आणि त्याचं रीडायरेक्ट (साध्या पत्त्यावरून सुरक्षित पत्त्यावर वळवणं), दोन्ही चालू करा. सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र यायला वेळ लागतो. तोवर ब्राउझरने इशारा दिला तर घाबरून नोंदी पुसू नका.

आता मराठीत लिहिणाऱ्यांनी आधीच जाणून घ्यावी अशी गोष्ट. शीर्षक देवनागरीत असेल तर ब्लॉगर त्यातून पत्ता बनवू शकत नाही. अशा लेखांना 'ब्लॉग-पोस्ट' किंवा त्यापुढे एखादा आकडा असा निरर्थक पत्ता मिळतो. म्हणून प्रकाशित करण्याआधी उजवीकडच्या पर्मालिंकमध्ये (लेखाच्या कायमच्या पत्त्याच्या सेटिंगमध्ये) जाऊन रोमन अक्षरांत दोन-चार शब्द स्वतः लिहा. नंतर तो बदलायचा तर लेख पुन्हा मसुद्यात न्यावा लागतो आणि जुनी लिंक तुटते.

वर्डप्रेस देवनागरी पत्ता स्वीकारतं, पण त्याला २०० अक्षरांची मर्यादा आहे. सांकेतिक रूपात देवनागरीचं एकेक चिन्ह नऊ अक्षरं खातं, म्हणजे जेमतेम २२ चिन्हं बसतात. काना, मात्रा, हलंत सगळं वेगळं मोजलं जातं. एकट्या 'स्त्री'ची सहा चिन्हं होतात. लांब शीर्षकाचा पत्ता मध्येच कापला जातो. तेव्हा तिथेही रोमनच बरं.

स्वतःच्या होस्टिंगवरचं (भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवरचं) वर्डप्रेस सर्वांत लवचीक आहे, यात शंका नाही. पण प्लगिन (जादा सोयींचे जोड) अद्ययावत ठेवणं आणि बॅकअप घेणं तुमच्या अंगावर येतं. बॅकअप म्हणजे डेटाबेस (लेखांचा मजकूर) आणि डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डर (फोटो, थीम, प्लगिन), दोन्ही. एकाने भागत नाही. दुकान, सभासदत्व किंवा चार-पाच लेखक अशी गरज असेल तरच आत्ता तिकडे जा. घेतलंत तर 'रीडिंग' सेटिंगमध्ये सर्च इंजिनला मज्जाव करणाऱ्या चौकटीत खूण नाही ना, ते पहिल्याच दिवशी बघा. ती राहून गेली तर ब्लॉग गूगलमध्ये दिसत नाही आणि कारण लवकर सापडत नाही.

वाचकांना ईमेलने लेख पाठवणं हाच मुख्य हेतू असेल तर सबस्टॅक ही ईमेल-पत्रांची सेवा चांगली. सशुल्क वर्गणी ठेवली तर ते १० टक्के घेतात. ह्यूगो, जेकिलसारखी साध्या फाइलींतून साइट तयार करणारी साधनं वेगवान आहेत, पण कमांड लिहायची सवय नसेल तर नकोतच.

ब्लॉगरवरून पुढे वर्डप्रेसवर जायचं ठरलं तर तिथल्या पर्मालिंकची रचना वर्ष, महिना, लेखाचं नाव आणि शेवटी डॉट एचटीएमएल अशी ठेवा. लेखांची नावं तीच असली की जुन्या लिंक चालू राहतात. ब्लॉगरवरच्या लेखांच्या बॅकअप फाइलमध्ये फोटो नसतात, त्यांचे पत्ते असतात. म्हणून मूळ फोटो पहिल्या लेखापासूनच वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवा.